‘वॉक’चे अर्थ ओळखायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता पुण्यात परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्या कंपनीत आहात आणि एकाच आठवड्यात दोन वाक्यांनी अडवलं. वरिष्ठ कॉलवर म्हणाले, ‘वॉक मी थ्रू द फिगर्स.’ ग्राहकाच्या मेलमध्ये होतं, ‘इफ द रेट इज नॉट रिव्हाइज्ड, वी विल वॉक.’ शब्दकोश उघडला तर एका शब्दाखाली पानभर अर्थ. ते सगळे पाठ कसे करायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी दोन्ही वाक्यं निकालात काढू. पहिल्याचा अर्थ, ‘आकडे मला एकेक करून समजावून सांगा.’ दुसऱ्याचा, ‘दर बदलला नाही तर आम्ही हा व्यवहार सोडून जाऊ.’ दुसऱ्या वाक्यात धमकी आहे, सभ्य भाषेतली पण खरी. ते ‘बघू, विचार करू’ असं समजून मेल बाजूला ठेवू नका, आजच वरिष्ठांना दाखवा.

आता पाठांतराचं. मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवतो आणि कागदपत्रांचं भाषांतरही करतो. दोन्हीकडे एक अडचण सतत दिसते. शब्द भेटला की माणूस त्याचा मराठी जोडीदार शोधतो आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच बसवून बघतो. ‘वॉक’ म्हणजे चालणे, ही जोडी शाळेत पाचवी-सहावीतच पक्की झालेली असते. मग ‘वी विल वॉक’चा अर्थ ‘आम्ही चालू’ असा लागतो आणि डोकं तिथेच थांबतं. पानभर अर्थांची यादी पाठ केलीत तरी ही अडचण सुटणार नाही, कारण कॉलवर समोरचा बोलत असताना यादीतला कितवा अर्थ हे ठरवायला वेळ कुठे मिळतो? ठरवणारी खूण त्या शब्दात नसते, त्याच्या आजूबाजूला असते. ती बघायची सवय लावणं हे खरं काम.

आपल्याच ‘चालणे’कडे बघा. घड्याळ चालतं, दुकान चालतं, शाळा चालते, कोर्टात खटला चालतो, पगारावर घर चालतं. आज डोकं चालत नाही. पाचशेची जुनी नोट चालत नाही. ‘चहा चालेल का?’ ‘चालेल.’ यातलं एकही चालणं पायांचं नाही आणि तरी तुम्हाला कुणी यादी करून दिली नव्हती. पुढे-मागे काय आहे त्यावरून तुम्ही क्षणात ओळखता. आता हीच वाक्यं इंग्रजीत न्या. ‘वॉक’ एकाही ठिकाणी येणार नाही. घड्याळ ‘वर्क’ करतं किंवा ‘रन’ होतं, दुकान ‘रन’ होतं, खटला ‘गो ऑन’ असतो, चहाला आपण ‘दॅट विल डू’ म्हणू. आपल्या ‘चालणे’ची कामं इंग्रजीने तीन-चार क्रियापदांत वाटून टाकली आणि त्यातला मोठा वाटा ‘रन’कडे गेला. यंत्र, धंदा, कार्यक्रम, सरकार, सगळं तिकडे ‘रन’ होतं.

‘वॉक’ मात्र माणसाच्या पायाजवळ राहिला. ऑलिंपिकमध्ये चालण्याची शर्यत असते. तिचा नियम असा की स्पर्धकाचा एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच बाद ठरवू शकतात, कारण मग ते पळणं झालं. माझ्या अनुभवात शब्दाच्या अर्थांनाही हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. ‘वॉक’चे लांबचे अर्थसुद्धा संथ, पायी आणि स्वतःच्या मर्जीने जाण्याभोवती फिरतात. काही अपवाद आहेत, ते पुढे येतील.

पहिली खूण, क्रियापदानंतर लगेच कोणी माणूस किंवा वस्तू आली आहे का. ‘आय वॉक’ म्हणजे मी चालतो. पण ‘आय विल वॉक यू टू द गेट’ असं कुणी म्हणालं तर? ‘मी तुला गेटपर्यंत चालवतो’ हे मराठी नव्हे. आपण म्हणतो, ‘चल, गेटपर्यंत येतो’ किंवा ‘गेटपर्यंत सोडायला येतो.’ इथे ‘वॉक’ म्हणजे सोबत करणं. रात्री उशीर झाला की ‘आय विल वॉक यू होम’ असं म्हणतात, म्हणजे घरापर्यंत पायी सोबत येतो. गाडीने सोडणार असेल तर क्रियापद बदलतं, ‘ड्राइव्ह यू होम’ होतं. ‘वॉक द डॉग’ म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणं. ‘वॉक युवर बाइक’ अशी पाटी दिसली तर सायकलवरून उतरायचं आणि ती हातात धरून न्यायची. या प्रत्येक ठिकाणी चालणारे दोन आहेत. एक नेतो, दुसरा त्याच्या बरोबर जातो, आणि नेणाराही पायीच आहे.

याच जातीचा एक वापर सामान हलवणारी माणसं करतात. जड फ्रीज किंवा कपाट उचलणं शक्य नसतं. मग ते थोडं कलवून एका कोपऱ्यावर तोलायचं, दुसरा कोपरा पुढे फिरवून टेकवायचा, मग त्या कोपऱ्यावर तोलून पहिला पुढे आणायचा. असं डावं-उजवं करत कपाट खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. याला इंग्रजीत ‘वॉक’ करणं म्हणतात. कपाटाला पाय फुटल्यासारखं ते खरंच एकेक पाऊल टाकत जातं. विद्यार्थ्यांना मी हे वर्गातल्या टेबलावर करून दाखवतो. एकदा पाहिलं की ‘वॉक’नंतर वस्तू का येऊ शकते हे पुन्हा सांगावं लागत नाही.

तुमचं पहिलं वाक्य इथलंच आहे. ‘वॉक मी थ्रू’ म्हणजे मला बरोबर घेऊन यातून चला, एकही पायरी न गाळता. यात विनंतीबरोबर वेगही सांगितलेला असतो. वरिष्ठांनी ‘गिव्ह मी द फिगर्स’ म्हटलं असतं तर आकडे सांगून मोकळं व्हायचं होतं. ‘रन मी थ्रू’ म्हटलं असतं तर भरभर, ठळक गोष्टी. ‘टॉक मी थ्रू’ बहुतेक वेळा समोरचा स्वतः काहीतरी करत असतो किंवा बघत असतो आणि तुम्ही शेजारून बोलत राहायचं असतं. या तिघांतली रेघ काटेकोर नाही, बरेच लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात. तरी ‘वॉक’ ऐकलं की मी सावकाश जाणं पसंत करतो. पहिली ओळ, ती कुठून आली, तिच्यावरून दुसरी कशी निघाली, मग थांबून ‘ओके सो फार?’ विचारायचं. संपूर्ण तक्ता एका दमात वाचून दाखवणं म्हणजे त्यांना मागे सोडून पुढे निघून जाणं.

दुसरी खूण म्हणजे क्रियापदानंतर काहीच नसणं. वाक्य ‘वॉक’वर संपतं आणि चालण्याचं काही कारणही दिसत नाही. इथे बहुतेकदा ‘निघून जाणं’ असतं, पण कुठून आणि कशासाठी हे प्रसंगावर अवलंबून आहे. ‘ही वॉक्ड’ एवढंच वाक्य घ्या. इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर ते कुणी म्हणालं तर पेशंट पायावर उभा राहून चालला, आनंदाची बातमी. लहान मुलाबद्दल असेल तर त्याने पहिली पावलं टाकली. कोर्टाच्या बाहेर म्हटलं तर आरोपी सुटला. वाटाघाटींच्या संदर्भात असेल तर तो उठून गेला, सौदा मोडला. तुमच्या ग्राहकाचं ‘वी विल वॉक’ हे इथलं.

क्रिकेटमध्ये हेच वाक्य आलं तर फलंदाज पंचांच्या निर्णयाची वाट न पाहता स्वतःहून तंबूत परतला. 2003च्या विश्वचषकात 18 मार्चला पोर्ट एलिझाबेथला ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांची उपांत्य लढत होती. ॲडम गिलख्रिस्टने अरविंद डिसिल्व्हाला स्वीप मारायचा प्रयत्न केला, चेंडू बॅटची कड घेऊन पॅडवर आदळून उडाला आणि यष्टिरक्षक संगकाराने झेलला. पंच रूडी कर्टझन यांनी नाबादची मान हलवली होती. गिलख्रिस्ट तरीही चालू लागला. क्रिकेटच्या इंग्रजीत या कृतीला फक्त ‘वॉक’ म्हणतात, पुढे एक शब्दही लागत नाही. ‘ही इज अ वॉकर’ म्हणजे बाद असलो तर आपण होऊन जाणारा खेळाडू. ही मोठी शाबासकी आहे आणि आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या पोरांना ती पटकन कळते.

आता बेसबॉलला या. तिथे गोलंदाजाने, म्हणजे पिचरने, एका फलंदाजाला चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिल्या बेसवर फुकट जायला मिळतं. त्यालाही ‘वॉक’च म्हणतात. क्रिकेटमध्ये ‘ही वॉक्ड’ म्हणजे डाव संपला, बेसबॉलमध्ये ‘ही वॉक्ड’ म्हणजे आयता पुढे सरकला. आणि पिचरच्या बाजूने सांगायचं तर ‘ही वॉक्ड द बॅटर’, म्हणजे पुन्हा पहिली खूण आली, क्रियापदानंतर माणूस. तुमचे ग्राहक अमेरिकन असतील तर बेसबॉलची भाषा ऑफिसच्या गप्पांतही येते. ते अमेरिकन, ब्रिटिश की ऑस्ट्रेलियन हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगितलं.

तिसरी खूण, मागे चिकटलेला छोटा शब्द. ‘वॉक आउट’ म्हणजे निषेध म्हणून उठून जाणं. विधानसभेच्या बातम्यांत आपण त्याला सभात्याग म्हणतो आणि तो शब्द अगदी चपखल आहे. पण कामगार ‘वॉक आउट’ करतात तेव्हा सभात्याग चालणार नाही, काम बंद करून बाहेर पडले असं म्हणावं लागेल. ‘वॉक अवे’मध्ये निषेध नसतो, पाठ फिरवणं असतं, कधी शहाणपणाने तर कधी जबाबदारी टाळून. अपघाताच्या बातमीत मात्र ‘वॉक्ड अवे’ म्हणजे त्यातून धडधाकट बाहेर आला. ‘वॉक ऑल ओव्हर समवन’ म्हणजे एखाद्याला कस्पटासमान वागवणं. ‘वॉक इन’मध्ये आगाऊ वेळ न घेता थेट येणं आहे, म्हणून वर्तमानपत्रातल्या ‘वॉक-इन इंटरव्ह्यू’ला सरकारी जाहिराती थेट मुलाखत म्हणतात. असे जोडशब्द मात्र पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही. बरं, ते फार नाहीत. बातम्या आणि ऑफिसचे मेल यांत फिरून फिरून तेच येतात.

‘वॉकओव्हर’बद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो मराठीत रुळलाय आणि त्याचा उगम माहीत असला की अर्थ विसरत नाही. तो घोड्यांच्या शर्यतीतला. शर्यतीत एकच घोडा उरला तर त्याला पळायची गरज नसे. त्याने नुसतं चालत ती धाव पूर्ण केली की विजयी. म्हणून प्रतिस्पर्धी नसताना किंवा असून नसल्यासारखा असताना मिळालेला विजय तो वॉकओव्हर. आपल्या खेळाच्या पानांवर ‘पुढे चाल मिळाली’ असं छापतात, त्यात योगायोगाने चालणं आलेलंच आहे. राजकारणाच्या बातम्यांत ‘विरोधकांनी वॉकओव्हर दिला’ म्हणतात तेव्हा तगडा उमेदवार न देणं असा अर्थ असतो.

‘केकवॉक’ त्याच्या शेजारचा वाटतो, सहज जमणारं काम, पण त्याचं कूळ वेगळं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांचा तो नाच. गोऱ्या मालकांच्या ऐटबाज चालीची त्यात नक्कल असे आणि जिंकणाऱ्या जोडीला केक मिळे. हा इतिहास माहीत असलेले लोक अमेरिकेत हा शब्द जपून वापरतात. तुम्हीही कामाच्या मेलमध्ये ‘व्हेरी ईझी’ लिहा, काही बिघडत नाही.

चौथी खूण, शब्द नाम म्हणून आला आहे का. ‘अ वॉक’ म्हणजे फेरफटका, हे सोपं. पण जागेलाही ‘वॉक’ म्हणतात. लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याजवळ बर्डकेज वॉक नावाचा रस्ता आहे, तिथे पूर्वी राजाचे पक्षी ठेवत. दोरखंड वळायच्या लांबलचक शेडला ‘रोपवॉक’ म्हणत, कारण कारागीर ताग कमरेला गुंडाळून सूत काढत मागे मागे चालत जायचा. जितका लांब दोर हवा तितकी लांब शेड. इंग्लंडमध्ये चॅटम इथल्या जुन्या गोदीत अशी सुमारे पाव मैल लांबीची इमारत अजून उभी आहे. मुंबईत काळा घोड्याला रोपवॉक लेन आहे, तिच्या नावात तोच धंदा. ‘पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ म्हणजे सर्व थरांतले लोक. हे आमंत्रणपत्रिका आणि भाषणांत हमखास येतं, म्हणून ओळखून ठेवा.

आता अपवाद, जिथे पाय जमिनीवर नाहीत. 18 मार्च 1965 रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडले आणि सुमारे 12 मिनिटं दोरीला बांधलेल्या अवस्थेत तरंगत राहिले. त्याला ‘स्पेसवॉक’ म्हणतात, पण तिथे चालायला जमीनच नव्हती. गणितात ‘रँडम वॉक’ आहे. प्रत्येक पाऊल कोणत्या दिशेला पडेल हे नशिबावर सोडलं तर माणूस काही पावलांनी मूळ जागेपासून किती दूर असेल, हा प्रश्न इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1905 मध्ये मांडला. आज शेअरच्या किमतींबद्दल बोलतानाही तो शब्द वापरतात. तुम्ही आकड्यांच्या खात्यात आहात, कधीतरी भेटेल. तिथे चालणारा माणूस नसतोच, फक्त पायरीपायरीने बदलणारी संख्या असते.

आणि ‘वॉकर’ हे आडनाव भटक्या माणसाचं नाही. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ लोळणं, घुसळणं असा होता, आणि ओलं लोकरी कापड पायांनी तुडवून दाट करणाऱ्या कारागिराला ‘वॉकर’ म्हणत. जर्मनमध्ये ‘वाल्केन’ आजही कापड तुडवण्याचंच क्रियापद आहे. कामात याचा उपयोग नाही, पण मला ही माहिती फार आवडते.

बोलताना सगळ्यांत जास्त घोळ अर्थाने होत नाही, उच्चाराने होतो. ‘वॉक’मधला ल उच्चारायचा नाही, ‘टॉक’ आणि ‘चॉक’मध्ये नाही तसाच. ‘वर्क’मधला र ब्रिटिश माणूस जवळजवळ गिळतो, त्यामुळे त्याचं ‘वर्क’ आपल्या कानाला ‘वॉक’सारखं लागतं. उलट आपलं ‘वॉक’ आखूड झालं की त्यांना दुसरंच काही ऐकू येतं. ‘वॉक’मधला ऑ लांबवा, ओठ गोल ठेवा. फोनवर शंका वाटली तर ‘ऑन फूट’ जोडा, म्हणजे ‘आय वॉक टू वर्क’ म्हणताना दोन्ही शब्द एकमेकांत अडकणार नाहीत. झोपेतून उठण्याचं ‘वोक’ तिसरं, त्याच्यामागे बहुतेक वेळा ‘अप’ असतं.

सराव कसा करायचा तेही विचारलंत. वही करा, पण अर्थ लिहू नका. वाक्य जसंच्या तसं उतरवा, खाली कोण कोणाला आणि कुठे म्हणालं ते एका ओळीत लिहा, आणि मग तीच गोष्ट तुमच्या घरी कशी म्हणतील ते लिहा. ‘आय विल वॉक यू टू द स्टेशन’च्या खाली ‘स्टेशनपर्यंत येतो रे’ आलं की ते वाक्य तुमचं झालं. घरच्या बोलीत लिहा, प्रमाण मराठीचा आग्रह नको.

शेवटी एक ‘वॉकिंग’. आपण ‘सकाळी वॉकिंगला जातो’ म्हणतो, त्यावरून ‘आय गो टू वॉकिंग’ तयार होतं. त्याऐवजी ‘आय गो फॉर अ वॉक’ म्हणा. ‘आय गो वॉकिंग’ही बरोबर आहे, पण ब्रिटनमध्ये त्यातून डोंगरदऱ्यांतली लांब पायपीट सुचते, ज्याला पुण्यातले लोक ट्रेक म्हणतील. त्यांची ‘वॉकिंग हॉलिडे’ म्हणजे पाठीवर पिशवी, पायात जाड बूट आणि दिवसभर चढउतार. पुढे कामासाठी तिकडे गेलात आणि रविवारी कुणी ‘शाल वी गो फॉर अ वॉक?’ विचारलं, तर हो म्हणण्याआधी किती मैल आणि बूट कोणते लागतील तेवढं विचारून घ्या.